पाय घासत चाला

मैदानावर रोज दिसणारी ती बाई आपल्या दोन लहान पोरांना भलतंच शिकवायची. "पाय उचलायचा न्हाय, घासत चालायचं."

न राहवून मी विचारलं. पदर खोचत ती म्हणाली, "काश्मीरला चाललोय. बर्फावर स्कीच्या पट्ट्या घालून चौघांनी संगं चालायचं हाय. तितं पाय उचलला की पोरगं पडलंच." सोलापूरच्या उन्हात मला हसू आलं.

ते गेले आणि त्याच आठवड्यात तिकडं हिमकडा कोसळल्याची बातमी आली. तिचं नावही ठाऊक नव्हतं, विचारणार कुणाला? मी नुसता मैदानावर जाऊन बसायचो.

एका सकाळी मागून चपलांची फरफट ऐकू आली. वळलो. दोन्ही पोरं होती, नाकांची सालं निघालेली. मागं नवरा, आणि ती करवादत होती, "पाय उचलून चाला की. चपला झिजाया लागल्यात."