पाच खंड आणि एक दिवाळी अंक

नव्वदच्या दशकात बंगलोरच्या बसवनगुडीतल्या आमच्या मराठी मंडळाचं वाचनालय रविवारी सकाळी मी उघडत असे. तिथे एका लेखिकेची अद्भुत कादंबरीमाला होती, पाच जाड खंडांची. वाळूखालचं राज्य, आणि त्याच्या दाराशी बसलेली आंधळी म्हातारी. तिचा हात लागल्याशिवाय दार उघडत नाही. शिंप्याच्या आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. जाड पुस्तकाला न भिता बसायचं कसं, ते मला या खंडांनी शिकवलं, अभ्यासाच्या पुस्तकांनी नाही. सांगायला लाज कसली?

पण खंड कोणी नेईना. एका रविवारी मंडळाचे अध्यक्ष, ज्यांना सगळे अण्णा म्हणायचे, समितीसमोर म्हणाले, "हे कपाट रिकामं कर. पोरांना आता कंप्युटरची पुस्तकं लागतात."

"अण्णा, ही मालिका तरी राहू द्या."

"बी.ए. झालीस ना गं? अजून राक्षस आणि राजकन्या?"

समिती हसली. हसणाऱ्यांतल्या एकानेही पहिलं पान उघडलेलं नव्हतं. खंड सुतळीने बांधून रंगमंचाखाली, गणपतीच्या मखराशेजारी ढकलले गेले. दिवाळी झाली की रद्दीत जायचे होते.

तेवढ्यात पुण्याहून दिवाळी अंक आले. एका अंकात त्याच लेखिकेची लघुकादंबरी होती, पहिल्या खंडाच्या आधीची गोष्ट. त्यात म्हातारी तरुण आहे, डोळे धड आहेत. दार तीच बंद करते आणि त्यापायी डोळे गमावते. दुपारच्या चहापर्यंत वाचून संपेल एवढीच. अंक घरोघर फिरला. खंडांत जी नुसती बसलेली असायची, तिच्या बसण्याला आता कारण मिळालं होतं. कोरमंगल्यात राहणारी, पुण्याहून नोकरीला आलेली एक मुलगी मला म्हणाली, "मॅडम, पुढे ती दार उघडते का? मला झोप नाही." मग रोज कोणी ना कोणी विचारू लागलं.

आणि दिवाळीच्या स्नेहमेळाव्यात अण्णा माइकवर सांगतात, "हा दुर्मीळ संच आपल्या मंडळाने जपून ठेवलाय."

मी उभी राहिले. "जपला नाही, अण्णा. तुमच्या पायाखाली बांधून पडलाय. रद्दीवाल्यासाठी."

"सरी, सरी, बरं बाई. स्वल्प हळू बोल."

"हळू बोलले होते, तेव्हा तुम्ही हसलात."

एक अक्षर बदललेलं नव्हतं त्या खंडांतलं. तीच पानं, तीच म्हातारी. दिवाळी अंकात छापून आली म्हणून ती मोठी झाली, आणि मी इतकी वर्षं सांगत होते ते बाईचं खूळ?

मेळावा संपल्यावर अण्णांनी स्वतः वाकून गठ्ठा ओढला, रुमालाने धूळ झटकली आणि कंप्युटरची पुस्तकं बाजूला सारून खंड कपाटात लावले. पहिला मात्र काखेतच राहिला.

"हा मी नेतो."

"तिचा नंबर आधी आहे," मी पुण्याच्या मुलीकडे बोट केलं.

अण्णांनी खंड तिला दिला. "लवकर वाच गं," म्हणाले.