शेंदराखालचा नवरदेव

माह्या वावराच्या धुऱ्यावर, म्हंजे बांधावर, एक दगड उभा होता, मानसाच्या कमरेइतका. अंगावर शेंदराचा असा जाड थर, का दगड कोठी संपते आन शेंदूर कोठी सुरू होते, काई समजे नाई. वरतं दोन गोल उंचवटे. त्याच्या खाली दोन आकार, एकमेकाले चिकटून. एक उभा, एक वाकेल.

आमच्या गावात त्याले नवरानवरीचा देव म्हनत. उभा हाय तो नवरदेव. वाकेल हाय ते नवरी, नवऱ्याच्या पाया पडून राह्यली. वरचे गोल म्हंजे दोघाईचे बाशिंगं. आमच्या आज्याच्या आंधीपासून हेच चालत आलं. कोनाच्याबी घरी लगीन निघालं का पयली हयद त्या दगडाले. बाया गाने म्हनत येत. संगं नवरदेव, डोक्यावर टावेल टाकून, लाजत. हयद लावत, तेल घालत, वरून शेंदराचा हात फिरवत. दहीभाताचा निवद ठेवत आन गाने म्हनतच परत जात.

मी तथीच राहो. माय गेली तसा गावातल्या घराले कुलूप लावलं. चुलीजवय बसाचे दोन पाट होते, जेवाले बसलो का दुसरा पाट माह्याकडं पाहे. म्हनून वावरात झोपडी घातली आन एकच पाट नेला.

लगीन झालं नाई, याचं कारन कोनाले ईचाराची गरज नोती. थोबाड असं, का पऱ्हाटीत बुजगावनं उभं करा लागे नाई. मी लघवीले उभा राह्यलो तरी पाखरं उडून जात. शाया पाह्यली ते बाहेरून, बकऱ्या चारता चारता. आन तिसरं म्हंजे हे तोंड. लोकाईनं हासाच्या आंधी आपुनच आपल्यावर हासून घ्यावं, म्हंजे लागत नाई, असा माहा हिसाब. त्या हिसाबानं मी साऱ्या गावाचा करमनुकीचा मानूस झालो. लगनात मले बलावत, पंगतीत बसवत, हासत. मंग आपापल्या घरी जात.

हयदीच्या दिवशी मातर गाव माह्या धुऱ्यावर येई. चैत-वैशाखात तर आठवड्यातून दोनदा. मी आंधीच दगडाभोवतालचं गवत काढो, मडक्यात पानी भरून ठेवो. बाया म्हनत, "काहो, देव तुमच्या धुऱ्यावर, आन तुमीच बिनलग्नाचे?"

मी म्हनो, "देव म्हनते, याचं काय, हा दारातच बसेल हाय, मांगून पाहू. कोठी पयून चाल्ला?"

बाया हासत. हयदीचे हात माह्या धोतराले पुसत. मंग बैलगाड्या निंघत, गाने लांब लांब जात आन मेडशीच्या रस्त्याले लागून बंद होत. मी निवदाचा दहीभात खाओ. दगडाची हयद ओली राहे, माशा बसत. त्या हाकलत मी दिवस मावयेपर्यंत तथीच बसो.

त्या साली वऱ्हाड मुंबईले जोडून राह्यले म्हनत होते. मी आपला कोनालेच जोडल्या गेलो नोतो.

मंग एक दिवस माह्या चुलतभावाची बायको डोक्यावर टोपलं घेऊन वावरात आली. सारं गाव माह्यावर हासे, पन हे वहिनी हासून झाल्यावर "जेवले काय" म्हनून ईचारे. टोपलं उतरवून म्हने, "भाऊजी, रिसोडाकडं एक बाई हाय. नवरा गेला, लेकरू नाई. भाऊ पाट लावून द्याले तयार हाय."

"बाईचे डोये बरे हायेत ना?" म्या ईचारलं.

"काहून?"

"डोये बरे असनारी बाई मले कायले पसंत करीन?"

वहिनीनं टोपलं खाली आपटलं. "हेच! हेच तोंड! ते अथी येऊन राह्यले, वावर पाहाले आन तुमाले पाहाले. वावर दाखवा, आन तोंड बंद ठेवा. बोलाचं काम माहं."

मले बायको पाह्यजे, असं म्या कोनाले कधी म्हनलं नाई. म्हनलं असतं तर गाव हासलं असतं, कारन हासाची सवय म्याच लावून ठेवली होती. पन खरं सांगतो. मले दमा नाई, पन खोकला मातर पुरानाच. झोपडीत खोकललो का मी खोकला संपल्यावर उगाच जराकसा थांबो. कोनीतरी "पानी देऊ काय?" म्हनीन, असा. कोन म्हननार? बैल? बस्स, तेवढं एक मानूस पाह्यजे होतं.

आमच्याकडं रीत अशी, का ज्याच्या सोयरिकीचं बोलनं चालू हाय त्याच्या घरच्या सवाशिनीनं दगडाले तेल घालाचं. माह्या घरची सवाशिन कोन? एक बकरी होती, तिचाबी नवरा कोन ते मालूम नाई. वहिनी म्हने, "पक्कं होऊ द्या, मंग मी येतो तेल घेऊन." पन माह्यानं दम निघे नाई. म्या सोताच जवसाचं तेल आनलं. म्हनलं, बाकीचे पयीभर घालतात, आपलं लगीन अवघड हाय, आपुन कढईभर घालू. आन थंडं कायले? देवाले शेक बसावा म्हनून चुलीवर कडक तापवलं. चैताचं ऊन, दगड पयलेच भाजेल, वरून म्या कढई उपडी केली.

पयले चर्र झालं. मंग तव्यावरून भाकर सुटावी तसा शेंदराचा थर दगडावरून सुटला आन माह्या पायावर पडला. आज्या-पनज्याईच्या लग्नाचा सारा शेंदूर, एकाच खपलीत.

म्या पायाले फुंकर घालता घालता वर पाह्यलं. वरचे गोल बाशिंगं नोते. एक सूर्य होता, एक चांदाची कोर. आन त्याच्या खाली नवरदेवाले कान होते. हे असे लांब. शेपूट होती. चार पाय होते. आन नवरी पाया पडून राह्यली नोती. काय होऊन राह्यलं होतं ते मी सांगत नाई, बायाबापड्या ऐकत असतीन. खाली अक्षरं होते, चार-पाच ओयी.

मले अक्षर म्हंजे मुंग्याईची रांग. म्या गावातल्या शायेच्या गुरुजीले बलावलं. गुरुजी चांगला मानूस. उन्हात उकिडवा बसला, बोटानं तेल पुसत पुसत वाचू लागला. जुने अक्षर, मधातच फुटेल. एक-एक शब्द जुयवाले त्याले लय येळ लागला.

"हे दानपत्र आहे," तो म्हने. "कोण्या राजानं ही जमीन देवाला दिली. चंद्र-सूर्य आहेत तोवर."

"कोन्या देवाले?"

"तिथंच दगड फुटलाय."

"आन हा गधा?"

गुरुजीनं चोहीकडं पाह्यलं. वावरात आमी दोघंच, तरी आवाज बारीक केला. "शाप आहे बाप्पा. जो कोणी ही जमीन हिसकून घेईल, त्याच्या आईला हे. अक्षर न येणाऱ्याला समजावं म्हणून चित्र काढलंय."

"म्हंजे माह्यासाठीच काढलं," म्या म्हनलं. गुरुजी हासला. मीबी हासलो. मंग मले माय आठवली. दर शनिवारी ते माय माह्या लग्नासाठी त्या दगडाले तेल घाले, डोकं टेकवे. वावर आमच्याकडं कसं आलं, कोनापासून आलं, तिले मालूम नोतं, मलेबी नाई. जल्मभर माय ज्याच्या पाया पडली, ते तिच्याच नावाची शिवी होती. मी गुरुजीले ते बोललो नाई. त्याच्यात हासासारखं काई नोतं, आन बिगरहासाचं बोलाची मले सवय नोती.

दोन दिवसात गावभर झालं. पयले लोकं पोट धरून हासले. मंग एकेकाच्या ध्यानात आलं, का आपलीबी हयद तथीच लागली हाय. मंग सारे माह्यावर उलटले. "आमचे लग्नं तुह्या बापानं गध्यापुढं लावले काय बे?" जसा का गधा म्याच कोरला. त्या चैतातली पुढची हयद मारुतीले गेली. डफड्याचा आवाज माह्या वावराच्या बाजूनं आला, धुऱ्याजवय आला आन दुसरीकडं वयला. म्या गवत काढून ठेवलं होतं. मडकं भरून ठेवलं होतं. ते पानी म्या बकरीले पाजलं.

आता राह्यले होते फकत रिसोडाकडचे पाहुने. वहिनी सकायीच आली, दगडाले गोनपाट गुंडायलं, वरून सुतळी बांधली. "कोनी ईचारलं तर सांगा, देव सोवयात हाय. आन तुमचं तोंड?"

"त्याच्यासाठी दुसरं गोनपाट आनलं काय," म्या म्हनलं. तिनं कपायाले हात लावला.

पाहुन्याईची दमनी आली, दोन बैलाची हलकी गाडी. भाऊ उंचापुरा, पांढरा पटका, बोलनं मोजकं. बाई मांगून उतरली. अंगानं बारीक, उन्हानं रापेल, पदर डोक्यावर, नजर खाली. म्या वावर दाखवलं, इहीर दाखवली, बैल दाखवले, आन एक शब्द जास्तीचा बोललो नाई. वहिनी मांगून खुशीत मान डोलावून राह्यली. मंग सारे निंबाखाली बसले, वहिनीनं चहा केला. वारं सुटलं, धूयीचा लोट आला आन मले खोकला लागला. थांबे नाई. डोयातून पानी आलं.

त्या बाईनं आपल्यापुढचा पान्याचा लोटा माह्याकडं सरकवला. "घ्या," म्हने.

एवढंच. मी पानी पेलो. लोटा कोठी ठेवू, ते मले समजे नाई.

तेवढ्यात भाऊ उठला. "अथी म्हने नवरानवरीचा जागता देव हाय. आमच्याकडंबी नाव हाय त्याचं. पाया पडू, मंग बोलू."

वहिनी म्हने, "देव सोवयात हाय भाऊ."

"मंग तर पाया पडाच लागते." तो गेलाबी धुऱ्याकडं. आमी मांगं धावलो. त्यानं भक्तीनं सुतळी सोडली, भक्तीनं गोनपाट काढलं.

वारं तेवढं चालू होतं. म्या चोरून बाईकडं पाह्यलं. तिनं पदर तोंडात धरला होता आन तिचे खांदे हालत होते. पयले वाटलं रडते. पन ते हासून राह्यली होती. डोयाले पानी येईतोवर, भावाले दिसू नाई असं, हासून राह्यली होती. आन हासता हासता तिनं माह्याकडं पाह्यलं, जसं घरातलं मानूस घरातल्याकडं पाह्यते. असं कोनी माह्याकडं पाह्यलं नोतं.

"हे काय हाय?" भाऊ म्हने.

मले फकत "काय मालूम भाऊ, जुना दगड हाय," एवढं म्हनाचं होतं. वहिनी डोये वटारून तेच सांगून राह्यली होती. पन ते बाई हासली होती ना. मले वाटलं, अजून एकदा हासावं तिनं. तोंड आपोआप उघडलं.

"काई नाई हो भाऊ," म्या म्हनलं, "माहंच लगीन हाय ते. कारागिरानं आंधीच कोरून ठेवलं. हा गधा म्हंजे मी."

मी सोताच पयले हासलो, नेहमीसारखा. संगं कोनी हासलं नाई म्हनून थांबलो. भाऊ दगडाकडं पाहून राह्यला होता. गध्याकडं नाई, गध्याच्या खाली.

"आन मंग ही कोन?" तो म्हने.

मले तवा समजलं. जल्मभर मी आपल्या एकट्यावरच हासलो होतो. त्या हासन्यात दुसरं मानूस कधी उभंच नोतं, म्हनून त्याची जागा कोठी हाय, हे पाहाची येळच आली नोती. बाईच्या तोंडातला पदर सुटला. चेहऱ्यावर हासू नोतं, रागबी नोता. एखाद्यानं आपलं दार हयूच लावून घ्यावं, तसा तो चेहरा झाला. ते वयली आन जाऊन दमनीत बसली, पाठ करून.

म्या भावाचे पाय धरले. म्हनलं, तसं नोतं म्हनाचं भाऊ, मी अडानी मानूस. तो म्हने, "अडानी असाल, पन वहिनीबाई डोये वटारून राह्यल्या होत्या, तेवढं समजत होतं ना?" आन बैल जुपले. वहिनीनं चहाचे कप गोया केले, धुतले, टोपल्यात भरले आन गेली. तिच्या शिव्या म्या आनंदानं खाल्ल्या असत्या.

दमनी दिसेनाशी झाली तवा मले खोकला आला. निंबाखाली लोटा तसाच पडेल होता. थोडं पानी होतं त्याच्यात. मी ते पेलो नाई, सांडलंबी नाई. ऊन ते सुकवीन तवा सुकवीन.

पुढं कोनी सोयरीक आनली नाई. हयदबी कोनी आनली नाई. लोकं म्हनत, तो दगड उपटून इहिरीत टाक. म्या टाकला नाई. दर शनिवारी रिसोडाच्या बजारातला शेंदूर घेतो, तेलात कालवतो, थंड्या तेलात, आन बोटानं लावतो. इतक्या सालात पुन्हा चांगला थर चढला. आता परका मानूस पाहीन तर त्याले दोन आकार दिसतीन, एक उभा, एक वाकेल.

शेंदूर थोडाच असते. म्हनून लावाले बसलो का आंधी तिले लावतो, पुरती झाकेपर्यंत. उरला तर गध्याले.