थोरलीचं रडणं

बँकेच्या तळघरातलं मेनफ्रेम नावाचं भलंमोठं संगणकयंत्र ऑपरेटरसाहेबांच्या लग्नाच्याही आधीपासूनचं. म्हणून घरात त्याला 'थोरली' म्हणत. पोटची मुलगी ती धाकटी. थोरलीचं काही दुखलंखुपलं की साहेबांच्या मोबाइलवर संदेश यायचा आणि साहेब भरल्या ताटावरून उठायचे. धाकटीच्या प्रत्येक नाटकाची सुरुवात त्यांनी पाहिली होती. शेवट एकाचाही नाही.

खरं तर ही संदेशांची सोय ऑफिसनं सगळ्यांच्या सुखासाठी केली होती. पहिल्या माणसानं 'बघतो' असं उत्तर दिलं नाही, तर संदेश आपोआप दुसऱ्याकडे जाणार. पण नंबरांचा क्रम लावायचं काम आलं साहेबांकडे. पहिला नंबर त्यांनी स्वतःचा घातला आणि दुसरा बायकोचा. त्यांच्याच खोलीत बसून तेच काम करणारी सहकारीण तिसरी. तिला जमणार नाही असं साहेब कधी म्हणाले नाहीत. तिच्यावर वेळच येऊ देत नव्हते, इतकंच.

या वेळी मात्र धाकटीनं सुनावलं, "मधेच उठणार असशील तर येऊच नकोस, बाबा."

नाट्यगृहाच्या दारात साहेबांनी तिच्यादेखत फोन बंद केला. बायकोच्या पर्समधला फोन चालू होता, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. साहेब नेहमीच एक हातचा राखून ठेवत.

धाकटी रंगमंचावर यायला आणि पर्स थरथरायला एकच गाठ पडली. बायकोनं संदेश वाचला. लोकांचे पगार खात्यांत जमा करायचं काम मधेच अडलं होतं. साहेबांनी फोनसाठी हात पुढे केला.

"बसा तुम्ही," ती कुजबुजली आणि फोन घेऊन बाहेर गेली.

साहेब अर्धवट उठले, तेवढ्यात धाकटीची नजर त्यांच्या खुर्चीकडे वळली. ते मुकाट्यानं बसले. नाटकात ती खाष्ट, म्हातारी घरमालकीण झाली होती. लोक खदखदून हसत होते आणि साहेबांना घाम फुटला होता. बायको परत येऊन शेजारी बसली आणि नाटक बघू लागली. हळूहळू साहेबही हसू लागले. शेवटी रिकाम्या घरात म्हातारी एकटी उरली, तेव्हा त्यांना रुमाल काढावा लागला. आपली लेक इतकं सुंदर काम करते हे आपल्याला माहीतच नव्हतं, याची त्यांना लाज वाटली.

बाहेर आल्यावर बायकोनं सांगितलं की तिनं सरळ सहकारिणीला फोन लावला होता. सहकारिणीनं घरबसल्या सगळं निस्तरलं. वर, इतकी वर्षं मला का नाही सांगितलं, असंही विचारलं.

तोंडाचा रंग न पुसताच धाकटी धावत आली. "आज थोरली रडली नाही वाटतं?"

"रडली की," साहेब म्हणाले. "पण दुसऱ्या कुणी घेतलं तरी राहते गं ती."