बोअरच्या पाण्यानं भरलेली विहीर

पुरानी बस्तीतल्या आमच्या मराठी घरी बाळंतीण सव्वा महिन्यानं विहीर पुजते, मगच तिला पाण्याच्या कामाला हात लावू देतात. माझा सव्वा महिना ऐन मे महिन्यात भरला, आणि अंगणातली विहीर तर होळीलाच आटलेली.

"मंदिरापाशी विहीर हाय, तिथं जाऊ," सासूबाई म्हणाल्या.

सासरे बिथरले. घरातल्या प्रत्येक लेकराच्या वेळी हीच विहीर पुजली, मग नातीच्याच वेळी काहून नाही? शहराबाहेर उरल्याच्या कारखान्यात जन्म काढलेला माणूस, मशीन म्हणजे देव. विहीर आटायला लागली तेव्हा त्यांनी बोअर मारली. बोअरचं पाणी उतरलं तेव्हा मोटर आणखी खाली सोडली. आता तर ती मोबाईलवरून चालायची आणि ते पाहुण्यांना खुर्चीत बसल्या बसल्या टाकी भरून दाखवायचे. मी मनात हसायचे. पण माझे हंडे वाहायचे कष्ट त्या मोटरनंच वाचवले होते, हेही खरं.

"विहिरीत पानी नाही ना? मंग बोअरचं सोडून देऊ," ते म्हणाले.

"बोअरचं पानी विहिरीत? उलटी गंगा हाय बापा तुमची!" सासूबाईंनी कपाळाला हात लावला.

पूजेच्या सकाळी सासऱ्यांनी विहिरीत पाइप सोडला आणि बटण दाबलं. पाणी धो धो पडत होतं आणि कोरडा तळ ते पीत होता. शेजारपाजारच्या बायका जमल्या, घुगऱ्या शिजल्या, मी नवी साडी नेसून आले, तरी पाणी घोट्याच्या वर चढेना.

"मोटर बंद नका करू, सून बालटी सोडून राहिली!" सासूबाई ओरडल्या.

मी हळद-कुंकू वाहिलं, बालटी सोडली. ती अर्धीमुर्धी वर आली. तेवढ्यावर कळशी भरून मी घरात आणली. सासरे इतके खूश, जणू विहिरीला झराच फुटला होता.

जेवणं झाली, पाहुणे हात धुवायला उठले. नळातून आधी चिखल आला, मग नुसती हवा. सासरे मोबाईल दाबत राहिले. तेवढ्यात शेजारची दीदी रिकामी बालटी घेऊन दारात आली. "भाभी, आपके यहाँ आ रहा है क्या? हमारी बोर तो सुबह से मिट्टी फेंक रही है."

बोअर दोन असल्या तरी खालचं पाणी एकच होतं, आणि आम्ही दोन्ही घरांचं पाणी एका कोरड्या खड्ड्याला पाजलं होतं. मला सासऱ्यांचा भयंकर राग आला. सासूबाईंनी पूजेची कळशी आणून अर्धी तिच्या बालटीत ओतली.

संध्याकाळी सासऱ्यांनी बोअरवाल्याला फोन लावला.

"गाड़ी भेज देता हूँ अंकल, और नीचे जाएंगे," तो म्हणाला.

"और उसके नीचे?"

"नीचे तो पत्थर है, अंकल."

फोन ठेवून त्यांनी नातीला माझ्याकडून घेतलं. लग्न होऊन आल्यापासून मी त्यांना घाबरलेलं कधी पाहिलं नव्हतं.

"हे मोठी होईन, इचं लेकरू होईन," ते म्हणाले, "तवा हे काय पुजीन, सुनबाई?"