तिच्या कमाईचं लग्न

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. मळ्यातली फुलं गंगेवर, म्हणजे नाशिकच्या गोदाघाटावर, बसून विकून आईने मला बी.कॉम. केलं. हे सांगताना माझी मान अजूनही ताठ होते. नव्वदच्या दशकाच्या शेवटी शेवटी पंचवटीतल्या एका मुलींच्या वसतिगृहात मी अधीक्षिका म्हणून लागले. पोरी पेठ-सुरगाण्याकडच्या आदिवासी पाड्यांवरच्या. खर्च, नफा, बचत असं सगळं मी त्यांना फळ्यावर शिकवून बघितलं. पोरी माना डोलवायच्या आणि सकाळी विसरायच्या. मग मी त्यांना गंगेवरच्याच बुधवारच्या बाजारात नेलं. माझ्या आईकडून फुलं उधार घ्यायची, गजरे करून विकायचे, आधी फुलांचे पैसे फेडायचे. उरतील ते जिचे तिने पोस्टात टाकायचे.

"बी.कॉम. झाली अन् शेवटी गजऱ्यावरच आली," आई म्हणाली.

"मी नाही, पोरी आल्यात."

"मग त्यांना सांग, मास्तरणीच्या ओळखीवर फुलं फुकट नाय मिळायची."

त्यातली एक पोरगी मला आजही डोळ्यांसमोर दिसते. पहिल्याच दिवशी तिने पेठकडच्या दोन बायांना गजरे असेच देऊन टाकले. पैसे कुठे, विचारलं तर म्हणाली, "बाई, आपल्याकडच्या बाया हायेत. त्यांच्याकडून कसे घ्यायचे?"

"उद्या सगळं पेठ येऊन बसंल," आई म्हणाली, आणि हसत हसत तिलाच शेजारी बसवून घेतलं. वर्षभरात त्या पोरीचा हात असा बसला की गिऱ्हाईक आईला सोडून तिच्याकडे जायला लागलं.

तिला नर्स व्हायचं होतं. पण बारावीच्या परीक्षेआधी तिने मला सांगितलं की घरी तिचं लग्न ठरलंय. तिच्या बापाने देज घेतलंय आणि ते घरावर कौलं घालण्यात संपलंय. तिकडे हुंडा नसतो, मुलाकडचे मुलीच्या बापाला देज देतात. ते परत केलं की ठरलेलं मोडतं, जाणती माणसं बसून तसं सांगतात. "मी माझ्या पैशानं परत करीन, बाई," ती म्हणाली. मला केवढा अभिमान वाटला. आम्ही दोघींनी पोस्टाचं पुस्तक बघितलं. पुरत होतं. परीक्षा संपल्यावर तिने नर्सिंगचा फॉर्म भरून माझ्याकडे ठेवला, आम्ही पैसे काढले, मी तिच्या पिशवीला आतून खिसा शिवून दिला आणि तिला पेठच्या एसटीत बसवलं.

पंधरवड्याने तिचा बाप आला. हळू बोलणारा, भला माणूस. लग्नाचं आमंत्रण घेऊन आला होता.

"दादा, ते पैसे देज फेडायला दिले होते ना?"

"दिले तिनं. पण बाई, तिला दुसरं कुणी मागणी घालील तर त्यानं आधीच्याचं देज फेडायचं असतंय. पोर सोताच सोताला कशी सोडवंल? वडीलधाऱ्यांनी हेच इचारलं. दुसरा नवरा कोन, म्हनले."

आम्ही दोघींनी रक्कम बघितली होती. ती कुणाच्या हातून जायची असते, हे दोघींनीही बघितलं नव्हतं.

"तिला शिकायचंय, दादा. काहीतरी करा."

"मी वडीलधाऱ्यांशी दोनदा बोललो, बाई. तिसऱ्यांदा बोलाया तोंड नाय मला."

लग्नाला मी गेले. बापाने मला सगळ्यांसमोर पुढे बसवलं, मग हाताला धरून दाखवत फिरला. ही पेटी, ही पातेली, हा मांडव, सगळं तिच्या कमाईचं. "ह्या बाईंनी शिकवलं," तो पाहुण्यांना सांगत होता. "पोर एका पैशानं बापाला जड झाली नाय." बाया माझ्या पाया पडल्या. मला जमिनीत जावंसं वाटलं.

निघताना ती हळदीच्या अंगाने माझ्याजवळ आली. रडली नाही. "बाई, नर्सिंगचा फॉर्म दुसऱ्या कुणाला द्या. तारीख अजून हाय. पैसे भरलेत, वाया नको."

फॉर्म तिने स्वतःच्या हाताने भरलेला होता, फोटो चिकटवून, खाली सही करून. तो कुणालाही देता येणार नव्हता, हे तिलाही कळत असणार.

"देते," मी म्हटलं.