पटकेवाला बोलत का नाही

"मेंढरं हाकणारा आता वेबसाइट हाकायला बसलाय!"

धाकटे मालक असं म्हणाले आणि अख्खी खोली हसली. मीही हसले. मेंढरं हाकणारा तो माणूस माझा बाप होता.

सांगलीतली हळदीची कंपनी. शेतकऱ्यानं घरबसल्या भाव बघावा, माल थेट कंपनीला द्यावा, म्हणून मालकांनी वेबसाइट काढली होती. शेतकरी तिकडं फिरकत नव्हते. ती कुठं अडते हे तपासायचं काम आमच्या ऑफिसकडं आलं आणि माझ्या गळ्यात पडलं. तपासणी साधी असते. ज्याच्यासाठी वेबसाइट आहे त्याच्या हातात मोबाइल द्यायचा, एक काम सांगायचं आणि गप्प बघत बसायचं. मालकांनी आपल्या बैठकीतले चार बागायतदार आणले. ते पटापट पार पडले. पाचवा माणूस मी आणला. कवठे महांकाळकडचा. आधी मेंढरं, आता पाणी आल्यापासून अर्धा एकर हळद. आमचे आबा.

जिन्यातच मी सांगितलं होतं, "आबा, आत वळख दाखवू नका." तपासणीला परका माणूस लागतो, असं कारण दिलं. खरं कारण त्यांचा पटका होता, अंगाला येणारा घोंगड्याचा वास होता. मला लाज वाटत होती. आबा नुसतं "बरं" म्हणाले.

सगळ्यांना कपबशीत चहा आला, आबांना कागदी पेल्यात. मी बघितलं आणि वहीत डोकं घातलं.

"आजचा हळदीचा भाव शोधा," मी म्हटलं.

मोबाइलमध्ये दिसेल ते समोरच्या भिंतीवर मोठं दिसत होतं. पहिल्याच पानावर पटका बांधलेल्या म्हाताऱ्या धनगराचा हसरा फोटो. खाली लिहिलेलं, 'आपली माती, आपली माणसं'. भाव तीन पानं आत, इंग्रजी नावाखाली दडलेला. आबांनी त्या पटकेवाल्याच्या तोंडावर बोट ठेवलं. काही झालं नाही. परत दाबलं. परत.

"अहो आजोबा, फोटोला काय दाबताय? तो काय बोलणार आहे?" थोरले मालक म्हणाले. मग धाकट्यांचं ते वाक्य. मग ते हसू.

आबाही हसले, ओशाळून. मोबाइल माझ्यापुढं सरकवला. "न्हाई जमत, मॅडम. येतू मी."

मॅडम.

स्टँडवर मी विचारलं, "फोटो कशाला दाबत हुता?"

"आपला मानूस दिसला की. परमुलखात मेंढरं घिऊन गेलं की आदी पटका हुडकायचा. पानी कुठं, वाट कुठली, त्येलाच इचारायचं. म्हनून इचारत हुतो. त्यो काय बोलंनाच." एसटी लागली. चढता चढता म्हणाले, "तू हसलीस ते बेस केलंस. न्हाईतर त्येंच्या ध्यानात आलं असतं."

त्यापेक्षा थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं. त्या दिवसापासून कुठलीही वेबसाइट उघडली की आधी ते बोट दिसतं. चिरा पडलेलं, नखात हळद, मुक्या तोंडाला विचारत राहिलेलं. कामात लक्ष लागत नाही. 

आठवड्यानं अहवाल घेऊन गेले. थोरले मालक म्हणाले, "तो अडाणी म्हातारा यातून काढून टाका. बाकी चौघांचं झकास झालंय."

"ते माझे वडील आहेत," मी म्हटलं. "आणि चुकले ते नाहीत."

कुणी हसलं नाही.

"तुमचे चौघं रोज तुमच्याबरोबर चहा पितात. त्यांना वेबसाइट लागतच नाही. जे फिरकत नाहीत ते माझ्या बापासारखे आहेत. आमचा माणूस तुम्ही दारात उभा केलात आणि त्याला मुका ठेवलात. एक तर त्याला बोलता करा, नाहीतर त्याचं तोंड काढून घ्या."

"बाई, कामाला आलाय का भांडायला?"

"कामालाच. एक ओळही काढणार नाही."

ते काम आमच्या ऑफिसच्या हातून गेलं. पटकेवाला अजून त्या पानावर हसतोय. मुकाच. आबा परवा ऑफिसखाली आले, तर वॉचमनसमोर मला मॅडमच म्हणाले. ते आता सुटायचं नाही.

पण यापुढं माझ्या प्रत्येक तपासणीत पहिला मोबाइल आबांसारख्याच माणसाच्या हातात जाईल. तो माझा कोण, हे मी आधी सांगेन. कुणी हसलं तर काम तिथंच थांबेल आणि हसणाऱ्याचं नाव अहवालात लागेल.

त्या कंपनीच्या अहवालात ती नावं आहेत. पहिलं माझं आहे.