होम प्लेटखालचा ऑर्विल

हॅडली गावात ऑर्विल टीगार्डनला एकदाही शिव्या न घातलेला माणूस शोधून सापडायचा नाही. युनिव्हर्सिटीच्या बेसबॉल मैदानावर तो पंच होता. होम प्लेट म्हणजे फलंदाजापाशी जमिनीत बसवलेली पांढरी फळी. तिच्यामागे वाकून उभा राहायचा आणि निम्म्या गावाशी वैर घ्यायचा. मैदानही त्याच्याइतकंच विक्षिप्त. महायुद्धानंतर कुणीतरी मक्याचं शेत दान दिलं आणि आखणाऱ्या शहाण्यांनी फलंदाजाचं तोंड थेट मावळतीला केलं. उन्हं कलली की फलंदाजाला चेंडू दिसेनासा व्हायचा. ऑर्विलला तर, त्याच्या बायकोच्या मते, भर दुपारीही दिसत नसे.

ती बायको म्हणजे व्हर्ना. जाळीमागे पहिल्या रांगेत सूर्यफुलाच्या बिया सोलत बसायची आणि सगळ्यात मोठ्यानं ओरडायची, "ऑर्विल, डोळे घरीच राहिले का रे?" लोक पाहायला यायचे ते खेळ की हे दोघं, देव जाणे.

मरताना ऑर्विल म्हणाला, "जिथं जन्मभर शिव्या खाल्ल्या तिथंच पुर मला."

युनिव्हर्सिटीनं साफ नकार दिला. मग ईस्टरच्या सकाळी सगळं गाव चर्चमध्ये असताना व्हर्नानं बागेतल्या खुरप्यानं होम प्लेटच्या मागे खड्डा केला आणि त्याची राख भरलेला कॉफीचा डबा पुरला. शेजारची ग्लेनिस फाटकावर पहारा देत होती. तेव्हापासून व्हर्ना मोसमातला एकही सामना चुकवीना. जाळीमागे बसून नवऱ्याशी भांडायची. "माझा डबा त्याच्याशेजारी ठेव," असं तिनं ग्लेनिसकडून कबूलही करून घेतलं होतं.

यंदा युनिव्हर्सिटीनं बेसबॉलच बंद केला. मैदानावर गाड्या लावायची जागा होणार. ऑर्विलवर डांबर पडणार म्हटल्यावर व्हर्नानं डबा उकरून घरी आणायचं ठरवलं. यंत्रं आली त्याच सकाळी ग्लेनिसला घेऊन ती फाटकावर हजर, आणि मुकादमाला डब्याची गोष्ट सांगून मोकळी. मुकादम डेल हा या मैदानावर खेळून गेलेला.

"मिसेस टीगार्डन, तुमच्या नवऱ्यानं मला अंतिम सामन्यात बाद दिलं होतं."

"होतासच बाद. आता खण."

डेल हसला. त्यानं मध्यंतरी मैदानभर अंथरलेलं हिरवं प्लास्टिकचं गवत कापून बाजूला केलं आणि फावडं घातलं. खाली खडी लागली. आणखी खाली गेला, तरी खडीच. डेलचं हसू मावळलं.

"बाई, हे गवत घातलं तेव्हा खालची सगळी माती उपसून नेली होती. गुडघाभर. पाणी निचरायला खडी लागते ना."

"गवत बदललं म्हणाले होते! माती कुठं म्हणाले?" व्हर्ना ग्लेनिसकडे वळली. गवत घातलं त्या उन्हाळ्यात व्हर्ना खुबा बदलून घेऊन बहिणीकडे ॲरिझोनात पडून होती. "तू इथंच होतीस ना गं?"

"मला वाटलं, वरवरचंच काढतायत," ग्लेनिस पुटपुटली.

"कुठं नेली माती?"

"काही हमरस्त्याच्या भरावात गेली, काही लोकांनी अंगणात टाकायला नेली," डेल म्हणाला. "पाच वर्षं झाली, बाई. आता कुठं शोधणार?" त्यानं टोपी काढली, मग ओंजळभर खडी पुढे केली. "आठवण म्हणून न्या."

"ही खडी काल आलेली. हिला ऑर्विल कोण ठाऊक आहे?"

डेलनं खडी खाली टाकली. व्हर्ना जाळीमागच्या आपल्या जागी जाऊन बसली. ग्लेनिस उठवायला आली, तर हलेना.

"मग पाच वर्षं मी भांडत होते कुणाशी?"

ग्लेनिस तिच्या शेजारी टेकली. थोड्या वेळानं डेलनं हात वर केला आणि यंत्र होम प्लेटवरून गेलं.

"चल गं," ग्लेनिस म्हणाली, "जाळी पण काढणार आहेत."

"काढू दे," व्हर्ना म्हणाली, आणि बसून राहिली.